वीस मिनिटांची तहान

ऑर्व्हल टीगचं घर आणि माझं घर यांच्या मध्ये एक तारेचं कुंपण आहे. ते इतकं मोडकं आहे, की त्याचा उपयोग फक्त टेकून बोलायला होतो. त्याला टेकूनच मी बावीस वर्षं टीगांच्या घरातली खबर ठेवत आलेय: कोण रुसलं, कोणाची दाढ दुखते, रविवारी चर्चमधून आल्यावर कोण कोणाशी बोललं नाही. कोणी म्हणेल, नेल्डा, हे काही बरं नव्हे. पण माझं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या मानेला टॉवेल गुंडाळून गप्प उभी राहणारी बाई कोणाला हवी असते?

तर ऑर्व्हल सतरा वर्षं ड्राय होता.

हा शब्द आमच्या भागात पोरं 'आई'च्या पाठोपाठ शिकतात, कारण त्याच्यावाचून इथलं काही सांगताच येत नाही. टेक्सासच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे झाड दिसलं की माणसं गाडी हळू करून बघतात, तिथे आमची टेनंट काउंटी. आभाळाच्या भरवशावर पेरलेला कापूस ड्राय. आटलेली गाय ड्राय. उत्तरेकडून येणारा वारा, जो धुळीखेरीज कधी काही घेऊन आला नाही, तोही ड्राय. ब्रदर पोझींचं प्रवचन ड्राय, आणि ते संपल्यावर लागणारा खोकलाही ड्राय. मागे एका सुनेने सासऱ्याच्या अंत्यविधीला डोळे ड्राय ठेवले, तर माझ्या दुकानात त्यावर तीन आठवडे चर्चा झाली. गावाचं नाव कोल्टर स्प्रिंग्ज, पण झरा माझ्या आईच्या लहानपणीच आटला. आणि माझ्या आजोबांच्या काळापासून इथे दारू विकायला बंदी, म्हणून अख्खी काउंटी ड्राय. बंदी विकायला, प्यायला नाही. हा फरक आमच्याकडे रविवारच्या शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा पक्का शिकवलेला असतो.

माणूस ड्राय म्हणजे आधी पीत होता, आता पीत नाही. कधीच न पिणाऱ्याला आम्ही ड्राय म्हणत नाही. त्याला थापाड्या म्हणतो.

कारण काउंटी ड्राय असली तरी माणसं कुठे तशी होती? एक्केचाळीस मैलांवर ऑलरेड नावाचं गाव आहे, शेजारच्या काउंटीत. तिथे दारूचं दुकान, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून ड्रायक्लीनिंगचं दुकान. आमच्या अख्ख्या काउंटीत ड्रायक्लीनिंगवाला नव्हता. त्यामुळे कोणी शनिवारी सकाळी गाडी काढली की शेजारी विचारायचे, "काय, कुठे?" आणि उत्तर यायचं, "कोट टाकून येतो." शेतावर राबणारी माणसं, आयुष्यात एकच कोट, तोही लग्नातला, पण तो महिन्यातून दोनदा धुवायला जायचा. परत येताना हँगरवर कोट आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या आत जे काय असेल ते. आमच्या ग्लेनचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कोट धुऊन धुऊन कोपरांवर आरपार दिसायला लागला होता. मी काही बोलले नाही. त्यातली अर्धी बाटली माझीच असायची.

ऑर्व्हल मात्र ऑलरेडला जात नसे. त्याचा धंदा बोअर मारायचा आणि पंप ओढायचा, म्हणजे बिघडलेला पंप बोअरमधून वर काढून दुरुस्त करायचा. लांब, वाळका माणूस. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती पिण्याच्या दिवसांत गेली, पंपाच्या साखळीत, सकाळी दहा वाजता. त्या वर्षी त्याची बायको अर्लीन बहिणीकडे निघून गेली. बोटं गेली तेव्हा नाही, त्यानंतर तो हाताला फडकं बांधून पुन्हा प्यायला बसला तेव्हा. वर्षभराने ती परत आली, आणि अंगणात ट्रकमधून उतरताना माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "एकदा परत आले. पुढच्या वेळी बॅग भरायलासुद्धा थांबणार नाही." मी तेव्हा फुलझाडांना पाणी घालत होते. म्हणजे, माझ्याकडे फुलझाडं नव्हती, पण पाइप हातात होता.

त्याचं बोलणंही ड्राय होतं. चेहरा दगडाचा ठेवून असं काही बोलायचा, की माणूस घरी गेल्यावर हसायचा. एका शेतकऱ्याच्या रानात चारशे फुटांवरही पाणी लागलं नाही. शेतकरी डोक्याला हात लावून बसला. ऑर्व्हल म्हणाला, "भोक सरळ पडलंय पण. हवं तर आडवं करून बोगदा म्हणून विक."

एकदा मी त्याला कुंपणावरून विचारलंच. आमच्याकडे असलं विचारत नाहीत, पण मी विचारते.

"ऑर्व्हल, इतकी वर्षं कसं जमलं रे? देव की अर्लीन?"

"अंतर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझी तहान वीस मिनिटांची आहे, नेल्डा. घड्याळ लावून मोजलीय. येते, गळा धरते, वीस मिनिटांनी सोडते. दुकान चाळीस मिनिटांवर आहे. धान्याच्या कोठारापर्यंत पोचलो की उतरते. मग मी ट्रक वळवतो."

"किती वेळा वळवलायस?"

"पहिल्या वर्षी रोजच. आता महिना-दीड महिन्यातून." मग टोपी सारखी करून, "मी काही चांगला झालेलो नाही. दुकान लांब आहे, एवढंच."

मला वाटलं, हाही त्याचा विनोद. घरी गेल्यावर हसू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

दर गुरुवारी चार वाजता मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक असे. सुरुवातीला ते चौघे होते. एक मेला, एक मुलाकडे राहायला गेला, एकाने पुन्हा सुरू केली. गेली चार वर्षं ऑर्व्हल एकटाच. तरी गुरुवारी तो जायचा, कुलूप उघडायचा, मोठ्या किटलीभर कॉफी करायचा, खुर्च्या गोल मांडायचा आणि तासभर बसायचा. मी एकदा चिडवलं, "एकटा बसून कोणाला सांगतोस रे, मी ऑर्व्हल, मी दारुडा, म्हणून?" म्हणाला, "रिकाम्या खुर्च्या मध्येच बोलत नाहीत. तू ये बघू एकदा, फरक कळेल."

मग जुआनेल क्रेब्सने अर्ज काढला.

जुआनेलचा कॅफे म्हणजे गावात उरलेली शेवटची उघडी जागा. किराणा गेला, शाळा ऑलरेडच्या शाळेत घातली, औषधाचं दुकान गेलं. जुआनेलकडे सकाळी बिस्किट-ग्रेव्ही आणि दुपारी चिकन-फ्राइड स्टेक मिळायचा, आणि संध्याकाळी काहीच नाही, कारण संध्याकाळी कोणी यायचंच नाही. त्या वर्षी पवनचक्क्या उभारणारी कंपनी आली. दीडशे बाहेरगावचे लोक, सगळे भुकेले. पण संध्याकाळी ते जेवायला ऑलरेडला जायचे, कारण जेवणाबरोबर त्यांना बिअर लागायची. जुआनेल रोज पाच वाजता दारात उभी राहून त्यांचे ट्रक जाताना बघायची.

"नेल्डा, मी ते ट्रक मोजते गं," माझ्या खुर्चीत बसून ती म्हणाली. "काल एकोणतीस. सगळे तिकडे. मला दारू आवडते म्हणून नाही. मला कॅफे हवाय."

काउंटी ओली करायची की कोरडी ठेवायची हे मतदानाने ठरतं, आणि मतदान हवं असेल तर आधी सह्या गोळा कराव्या लागतात. सही करणाऱ्यांची नावं कोण बघेल काय सांगावं, म्हणून लोक सही करताना मोठ्याने म्हणायचे, "मी विरोधातच आहे हं, पण मतदान तरी होऊ दे." अशा विरोधकांच्या सह्या पुरून उरल्या. तारीख पडली: मे महिन्यातला दुसरा शनिवार.

ऑर्व्हलने भाषण केलं नाही, पत्रक वाटलं नाही. ब्रदर पोझी त्याला म्हणाले, "चर्चमध्ये उभं राहून साक्ष दे. तुझं आयुष्य ऐकून दगडाला पाझर फुटेल." तो म्हणाला, "ब्रदर, तुमच्यापुढे दगडाला पाझर फुटला असता तर मी बोअर मारायचा धंदा सोडला असता." पण गेल्या वीस वर्षांत ज्यांच्याकडे त्याने बोअर मारली होती किंवा पंप ओढला होता, त्या एकेकाकडे तो गेला. म्हणजे अख्ख्या काउंटीत. खिशात छोटी वही. दारात टोपी काढायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "शनिवारी विरोधात मत द्याल का? माझ्यासाठी मागतोय."

माणूस स्वतःसाठी मागतो तेव्हा आमच्या लोकांची काय अवस्था होते, ते सांगायला हवं. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. कोणी पीचची पाई भाजून आणली आणि ती गोडाऐवजी खारट झाली तरी आम्ही दुसरा तुकडा मागतो. जागा विकत मागायला कोणी आलं तर म्हणतो, "बघू या की." हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही. 'हो' म्हणजे काय ते समोरचा आवाजावरून ओळखतो. पण ऑर्व्हल सतरा वर्षं त्या गुरुवारच्या खोलीत खरं बोलायला शिकला होता, आणि त्या नादात हे विसरला होता. लोक 'हो' म्हणाले, की तो वहीत रेघ मारायचा.

माझ्याकडे आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते.

"नेल्डा, शनिवारी..."

"अरे, हे काय विचारणं झालं? बावीस वर्षं शेजारी आहोत."

"म्हणजे हो?"

"हो रे बाबा, हो. दोन लिही. ग्लेनचंपण."

त्याने दोन रेघा मारल्या. पेन्सिल जिभेला लावून, नीट.

फक्त जुआनेलने त्याला खरं सांगितलं. तो तिच्याकडेही गेला होता, मी तेव्हा कॅफेतच बसले होते. ती काउंटर पुसत म्हणाली, "ऑर्व्हल, अर्ज माझाच आहे. तुला काय सांगू? मी बाजूने मत देणार."

"ठाऊक आहे. तरी विचारायला आलो. कोणाला गाळायचं नव्हतं."

"मी तुला कधी देणार नाही. वचन देते."

"देऊ नकोस वचन," तो म्हणाला. "तू नाही म्हणशील गं. मी नाही म्हणेन की नाही, ते मला माहीत नाही."

आता माझं सांगते. लपवून काय करू? मला ऑर्व्हलबद्दल काही वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं. शनिवारी मतदानाच्या खोलीत गेले, तेव्हाही त्याचीच आठवण होती. पण मग डोळ्यांसमोर आलं, की शुक्रवारी दुकान बंद करून जुआनेलकडे बसावं, चार बायका असाव्यात, समोर एक ग्लास असावा, आणि तो ऑलरेडहून कोटात गुंडाळून आणलेला नसावा. बस्स, एवढंच. त्रेपन्नाव्या वर्षी मला शुक्रवार हवा होता. आणि मनात म्हटलं, माझ्या एका मताने काय होतंय? बाकीचे आहेतच की त्याच्याबरोबर.

बाकीच्यांनीही तेच म्हटलं.

संध्याकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर आकडे वाचले. बाजूने तीनशे बावन्न, विरोधात दोनशे एकोणीस. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे जिंकलेलाही खाली बघतो. ऑर्व्हल टोपी हातात घेऊन जरा बाजूला उभा होता. त्याने वही काढली, पानं उलटली. त्याच्या वहीत तीनशे चाळीस रेघा होत्या. त्याने वही बंद केली आणि मान वर करून आमच्याकडे बघितलं. रागाने नाही. पंप बंद पडला की तो जसा एकेक जोड तपासायचा, तसं, एकेका चेहऱ्यावरून. माझ्यावर नजर आली तेव्हा मी ग्लेनच्या कॉलरवरचा नसलेला धागा काढत होते.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी तो स्वतःच आला.

"एकशे एकवीस लोक खोटं बोलले," तो म्हणाला.

"लोक म्हणजे ना..." मी म्हटलं.

"त्याचं काही नाही. मत त्यांचं आहे. पण कोण ते मला माहीत नाही, नेल्डा. आता मी कोणाकडेही पंप ओढायला गेलो, की मनात येणार, हा त्यातला का? तोंडावर नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. निदान तयारीला लागलो असतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तो चिडला असता, बोलायचा बंद झाला असता, पण एक जोड तरी त्याला सापडला असता. मी म्हटलं, "अर्लीनची तब्येत कशी आहे?"

परवाना यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत ऑर्व्हलने काय काय करून पाहिलं, ते मी खिडकीतून बघत होते. लांबची कामं घेतली, शंभर-शंभर मैलांवरची. ट्रकच्या किल्ल्या अर्लीनकडे दिल्या. पण कॅफेला जायला ट्रक कशाला लागतो? त्याच्या दारापासून तिथे पायी चार मिनिटं. अर्लीन म्हणाली, घर विकू, दुसरीकडे जाऊ. कोणत्या काउंट्या अजून ड्राय आहेत, ते दोघांनी नकाशा पसरून बघितलं. होत्या दोन-तीन, पण तिथेही सह्या सुरूच होत्या. आणि घर घेणार कोण? आमच्या गल्लीत पाच घरं रिकामी आहेत, त्यातल्या एकात घुबड राहतं.

"तू सोडशील का मला?" असं त्याने अर्लीनला एकदा अंगणात विचारलं. ती म्हणाली, "मी सतरा वर्षांपूर्वीच सांगितलंय. पुन्हा पुन्हा काय विचारतोस? तू पिऊ नकोस म्हणजे झालं." माझ्या हातात पुन्हा पाइप होता, आणि पाणी कधी बंद झालं ते मला कळलंच नाही.

जुआनेलने बिअर सुरू करायचा दिवस ठरवला तो गुरुवार. माल घेऊन येणारा ट्रक गुरुवारी येतो, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. पण त्यामुळे झालं असं, की पाच वाजता अख्खं गाव कॅफेत, आणि रस्त्याच्या पलीकडे, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत, ऑर्व्हल एकटा.

कॅफेत इतकी माणसं मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. पवनचक्कीवाल्यांनी तीन टेबलं जोडून घेतली होती. जुआनेलने केस माझ्याकडून करून घेतले होते आणि ओठ रंगवले होते. वाइन मागवताना तिला फोनवर विचारलं होतं, ड्राय हवी का गोड, तर ती म्हणाली होती, "बाई गं, ड्राय आता नको, कंटाळा आलाय." हा किस्सा ती प्रत्येक टेबलाला सांगत होती आणि प्रत्येक टेबल हसत होतं. मीही. माझ्यापुढे ग्लास होता. मी खिडकीजवळ बसले होते आणि तिथून समोरची खोली दिसत होती.

तो खुर्च्यांच्या गोलात बसला होता, खिडकीकडे तोंड करून. कॉफीचा कप हातात. बैठक चारची, आता पाच वाजून गेले होते. एरवी तो पाचला उठून खुर्च्या भिंतीला लावतो. त्या दिवशी उठला नाही. आमचं हसणं रस्ता ओलांडून तिथे पोचत असणार, कारण दोन्हीकडची दारं उघडी होती. एकदा त्याने घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं. मी ग्लेनला म्हटलं, "त्याची वीस मिनिटं सुरू झालीत वाटतं." ग्लेन म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही."

साधारण दहा मिनिटांनी ऑर्व्हलने कप खाली ठेवला, दिवा बंद केला, दार नीट ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडला.

तो आत आला आणि बोलणं खाली बसलं, एकदम नाही, एकेक टेबल करून. पवनचक्कीवाले तेवढे बोलत राहिले, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. ऑर्व्हल काउंटरपाशी बसला. टोपी गुडघ्यावर.

"ऑर्व्हल," जुआनेल म्हणाली, "कॉफी आणते."

"कॉफी तासभर पितोय."

"मग पाई. पीचची आहे."

"जुआनेल."

"मी वचन दिलंय तुला."

"मी घेतलं नव्हतं."

ती उभीच राहिली. हातातलं फडकं पिळत. मग तिने आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे. तिला एवढंच हवं होतं, की आमच्यातल्या कोणीतरी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, त्याला घरी न्यावं. चाळीस माणसं होतो आम्ही. ब्रदर पोझी नव्हते, पण चर्चचा कारभार बघणारे त्यांचे चार डीकन होते. मी तर त्याच्यापासून सात फुटांवर. "चल रे, माझा नळ गळतोय, जरा बघ," एवढं म्हटलं असतं तरी तो उठला असता. मला आजही खात्री आहे. पण ते म्हणायला मला माझा ग्लास खाली ठेवावा लागला असता. आणि तो ग्लास त्याला दिसला असता. मग त्याला कळलं असतं. मी ग्लास टेबलाखाली, मांडीत धरून बसले. बाकीच्यांचे हातही टेबलाखाली होते.

पवनचक्कीवाल्यांतला एक तरुण, गुटगुटीत, कुठल्यातरी दूरच्या राज्यातला, खुर्ची मागे ढकलून उठला. त्याला दिसलं, की एक म्हातारा एकटा बसलाय आणि त्याला कोणी काही देत नाहीये. त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या. त्यातली एक त्याने ऑर्व्हलपुढे ठेवली.

"घ्या काका, आमच्याकडे भरपूर आहेत. आज काय आहे, वाढदिवस आहे का गावाचा?"

"तसंच काहीतरी," ऑर्व्हल म्हणाला.

त्या पोराइतकं प्रेमाने त्या दिवशी त्याच्याशी दुसरं कोणी बोललं नाही.

त्याने बाटली लगेच उचलली नाही. तीन बोटांच्या हाताने तिच्यावरचं दव पुसलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. मीही बघत बसले. मला वाटत होतं, सुटेल, आता सुटेल. जुआनेल ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थना असेल. घड्याळ सहाकडे सरकलं. आणि मग त्याने एका दमात अर्धी संपवली, जसा एखादा औषध घेतो.

मागे कोणीतरी हळूच बोलायला सुरुवात केली. कापसाबद्दल. थोड्याच वेळात सगळे बोलत होते.

अर्लीनने खरंच बॅग भरली नाही. शुक्रवारी सकाळी बहिणीचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. तिचे काही कपडे अजून कपाटात आहेत, ऑर्व्हलने दाखवले मला. तो जुआनेलकडे नंतर कधी गेला नाही, तिला त्रास नको म्हणून. पण परवाना एकाला मिळाला की पेट्रोल पंपालाही मिळतो, आणि तिथला फ्रिज चोवीस तास उघडा असतो. पंप ओढायची कामं गेली. नोव्हेंबरात त्याने ट्रक कालव्यात घातला, वाटेत माणूस कोणी नव्हतं, देवाची कृपा, पण लायसन गेलं.

आणि जुआनेलचा कॅफे? पवनचक्क्या उभ्या राहिल्या, माणसं दुसऱ्या काउंटीत गेली. दुसऱ्या हिवाळ्यात तिने दाराला फळी मारली. माझ्या खुर्चीत बसून म्हणाली, "नेल्डा, अर्ज काढला नसता तर निदान तो तरी वाचला असता." मी तिच्या केसांना रंग लावत होते. म्हटलं, "मान सरळ ठेव."

गेल्या उन्हाळ्यात मी ऑर्व्हलला सांगितलं. कुंपणापाशीच. सकाळी नऊ वाजता, तेव्हा तो जरा शुद्धीत असतो. म्हटलं, "तुझ्या वहीत मी दोन रेघा मारायला लावल्या ना, त्या दोन्ही खोट्या होत्या."

त्याने कुंपणाची तार धरली. मग म्हणाला, "ग्लेनचीपण?"

"ग्लेनचीपण."

"मला वाटलं होतं, ग्लेनची असेल. तुझी नाही वाटली."

त्यानंतर मी त्याला म्हटलं, ऑलरेडला गुरुवारी बैठक असते, वीसेक माणसं येतात, मी नेत जाईन. तो म्हणाला, "तुझ्या समाधानासाठी का?" मी म्हटलं, "हो." निदान एकदा तरी खरं बोलले. तो म्हणाला, "मग चल."

तेव्हापासून दर गुरुवारी मी दुकान दोनला बंद करते. तो गाडीत बसतो, खिडकीकडे तोंड करून. त्याच्या अंगाला वास येत असतो. वाटेत मी गावातलं सगळं सांगते: कोणाचं लग्न मोडलं, कोणाची गाय आटली. पूर्वी तो मध्येच काहीतरी टाकायचा आणि मी घरी जाऊन हसायचे. आता तो "हं" म्हणतो. बैठकीच्या दारापर्यंत पोचलो की मी इंजिन बंद करते. कधी तो उतरतो. आत जातो, तासाने बाहेर येतो, आणि दोन दिवस बरा असतो. बहुतेक वेळा उतरत नाही.

परवाही नाही उतरला. आम्ही बसून राहिलो. आतून माणसं खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"सुरू झालं," मी म्हटलं.

"हं."

"जातोस?"

त्याने दाराच्या कडीला हात लावला. तसाच ठेवला. मग काढून मांडीवर घेतला.

"पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बरं." आणि गाडी वळवली.